हिवाळ्यातला ताळेबंद

कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँट गावी माझी मुलगी राहते. २०२५च्या नोव्हेंबरात महिनाभर तिच्याकडे मुक्काम होता. तिथला बेसबॉलचा मोसम १ नोव्हेंबरच्या रात्री संपलेला. मैदाने ओस पडली होती, आणि तरीही अकरा वर्षांचा माझा नातू रोज संध्याकाळी वही-पेन्सिल घेऊन बसायचा. डाव्या बाजूला खेळाडूंची नावे, उजव्या बाजूला आकडे.

‘‘अरे, खेळ तर संपला ना?’’ मी विचारले.

‘‘आजोबा, खरा खेळ आता सुरू होतो,’’ तो म्हणाला.

बँकेत बत्तीस वर्षे काढलेल्या माणसाला आकड्यांचा रकाना दिसला की त्याचा हात शिवशिवतो. मी खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसलो. त्या महिनाभरात मला जे समजले ते एका खेळापुरते नाही असे वाटले, म्हणून हा लेखनप्रपंच.

अमेरिकेत बेसबॉलच्या एका मोसमात प्रत्येक संघ १६२ सामने खेळतो. ऑक्टोबरअखेरीस वर्ल्ड सीरिज आटोपते आणि फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत चेंडूला कोणी हात लावत नाही. या साडेतीन महिन्यांत तीस संघ पुढच्या वर्षाची मांडामांड करतात. जुन्या काळी थंडीत शेगडीभोवती बसून लोक या विषयावर तासन् तास बोलत, त्यामुळे या काळाला तिकडे शेगडीचेच नाव पडले आहे. आपल्याला आयपीएलचा लिलाव ठाऊक असतो. तिथे हातोडा पडतो आणि एक-दोन दिवसांत सारे संपते. इथे हातोडा नाही, मंडप नाही. सारा हिवाळाभर फोन चालू असतात.

या बाजाराचे मर्म एका साध्या नियमात आहे. नवा खेळाडू मोठ्या संघात आला की पहिली सुमारे तीन वर्षे तो किमान वेतनाच्या आसपास खेळतो. पुढची तीन वर्षे त्याचा पगार गरज पडल्यास लवादापुढे ठरतो. सहा वर्षे भरली की तो मुक्त होतो आणि जो जास्त देईल त्याच्याकडे जातो. ही मुक्तताही सहजासहजी मिळालेली नाही. कर्ट फ्लड या खेळाडूने १९६९ साली आपली परस्पर झालेली अदलाबदल नाकारली, सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडला आणि १९७२ साली हरला. १९७५ साली एका लवादाने दुसऱ्या दोन खेळाडूंच्या बाजूने निकाल दिला, तेव्हा कुठे दार उघडले. त्याआधी खेळाडू म्हणजे जवळजवळ वेठबिगारच होता.

परिणाम असा, की चांगला तरुण खेळाडू स्वस्त असतो आणि नाव झालेला, तिशीला टेकलेला खेळाडू महाग. तरुणांची फळी तयार करायची, त्यातले कोण राखायचे आणि कोण वेळीच देऊन टाकायचे ते ठरवायचे, उरलेली भोके बाजारातून बुजवायची, हे हिवाळ्याचे काम. बँकेच्या भाषेत सांगायचे तर पुस्तकी किंमत आणि खरी किंमत यांतली तफावत हेरायची.

बिनमोलाची माणसे

ही तफावत हेरण्याचे सर्वांत गाजलेले उदाहरण फ्रीमाँटपासून तासाभरापेक्षा कमी अंतरावर घडले. २००१ साली ओकलंड ॲथलेटिक्सने १०२ सामने जिंकले, आणि त्या हिवाळ्यात त्यांचे तीन मोहरे एकदम गेले. जेसन जिआम्बीला न्यूयॉर्क यांकीजने सात वर्षांसाठी १२ कोटी डॉलर दिले. जॉनी डेमनला बॉस्टनने चार वर्षांसाठी ३ कोटी १० लाख दिले. शेवटच्या डावात सामना राखणारा इझरिंगहाउझन सेंट लुईसला गेला. ओकलंडचे सबंध संघाचे वेतन वर्षाला ४ कोटींच्या आसपास. यांकीजचे त्याच्या तिप्पट.

जनरल मॅनेजर बिली बीन आणि त्याचा सहायक पॉल डिपोडेस्टा यांनी दुसरा जिआम्बी शोधला नाही; तो परवडणारच नव्हता. जिआम्बी नेमके काय देत होता, ते त्यांनी पाहिले. तो वारंवार बाद न होता बेसवर पोचत होता. बेसबॉलमध्ये चार वाईट चेंडू सोडून दिले की फलंदाजाला पहिला बेस फुकट मिळतो. मुंबईच्या खडूस फलंदाजांवर वाढलेल्या आपल्या पिढीला चेंडू सोडण्याचे मोल सांगायला नको. पण त्या काळच्या अमेरिकी बाजारात टोलेजंग फटक्याला भाव होता. सोडलेल्या चेंडूला नव्हता.

स्कॉट हॅटेबर्ग हा यष्टिरक्षकासारखे काम करणारा कॅचर. कोपराची नस दुखावल्याने त्याला चेंडू नीट फेकता येईना. फेकता न येणारा कॅचर म्हणजे सूर गेलेला गवई. कोणी त्याला विचारीना. पण तो चेंडू सोडण्यात पटाईत होता. ओकलंडने दहा लाख डॉलरपेक्षा कमी पगारावर त्याला घेतले आणि पहिल्या बेसवर उभे केले, कारण तिथे फेकण्याचे काम कमी. पस्तिशी ओलांडलेला डेव्हिड जस्टिस आणला. टोरंटोकडून बिली कॉक आणला. २००२ साली या संघाने १०३ सामने जिंकले. नेमके तितकेच यांकीजनेही जिंकले. ४ सप्टेंबरला सलग विसावा विजय मिळाला. ११-० अशी आघाडी घालवून सामना ११-११ झाला होता, आणि शेवटी होमरन मारून तो जिंकून दिला हॅटेबर्गने.

मायकेल लुईस यांनी २००३ साली यावर पुस्तक लिहिले, २०११ साली चित्रपट निघाला आणि जगभरच्या व्यवस्थापकांना काटकसरीचा एक नायक मिळाला. पुस्तकाच्या झगमगाटात एक गोष्ट मात्र झाकोळली जाते. त्या संघाचे हडसन, मल्डर आणि झिटो हे तीन अव्वल पिचर आणि मिगेल तेहादासारखा फलंदाज हे सारे क्लबनेच घडवलेले किंवा तरुणपणीच वेचलेले, अजून मुक्त न झालेले आणि म्हणून स्वस्त असे होते. हॅटेबर्गने भोक बुजवले. भिंत आधीच उभी होती.

श्रीमंतांच्या घरी गेलेली विद्या

विद्येला कुलूप घालता येत नाही. वीसेक वर्षांत ओकलंडचे हिशेब सर्वांनी आत्मसात केले, आणि त्यात सर्वांत हुशार विद्यार्थी निघाला लॉस एंजलिस डॉजर्स. २०१४ साली त्यांनी काटकसरी टँपा बे संघातून अँड्र्यू फ्रीडमनला आणि खुद्द ओकलंडमधून फरहान झैदीला आणले. गरिबाघरी शिकलेली माणसे, आणि हाताशी गडगंज तिजोरी.

त्यांचा २०२३-२४चा हिवाळा एखाद्या अभ्यासक्रमात लावावा असा आहे. शोहेई ओहतानीशी दहा वर्षांचा ७० कोटी डॉलरचा करार झाला. त्यातले वर्षाला फक्त २० लाख तो खेळत असताना घ्यायचे. उरलेले दरवर्षी ६ कोटी ८० लाख, तेही २०३४ ते २०४३ या काळात आणि बिनव्याजी! ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त पगार देणाऱ्या क्लबला तिथे दंडवजा कर भरावा लागतो. त्या करासाठी या कराराची गणना वर्षाला ७ कोटी न होता सुमारे ४ कोटी ६० लाखच होते, कारण वीस वर्षांनी मिळणारा डॉलर आजचा डॉलर नव्हे. आम्ही प्रशिक्षण वर्गात हेच कोष्टक पाठ करत होतो.

व्याजाची बाजू पाहायची असेल तर न्यूयॉर्क मेट्सचे जुने प्रकरण पाहावे. २००० साली बॉबी बोनिया या नको झालेल्या खेळाडूचे ५९ लाख डॉलर देणे होते. ते ८ टक्के व्याजाने २०११पर्यंत लांबवून मग २५ वर्षे दर १ जुलैला सुमारे ११ लाख ९३ हजार द्यायचे ठरले. लोक या करारावर हसतात. मी नातवाच्या वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला, तो चोख जुळला. फसवणूक कोणाचीच नव्हती. ते एक कर्ज होते आणि ८ टक्के हा त्याचा दर होता. कर्ज वाईट नसते. घेतलेल्या पैशाचे काय केले, हा प्रश्न असतो.

डॉजर्सनी वाचलेल्या जागेत काय केले? त्याच हिवाळ्यात योशिनोबू यामामोतोला बारा वर्षांसाठी ३२ कोटी ५० लाख दिले, टँपाकडून ग्लासनाउ आणला. २०२४ साली त्यांनी दहा कोटी डॉलरहून अधिक दंडवजा कर भरला आणि वर्ल्ड सीरिज जिंकली; २०२५ साली पुन्हा जिंकली.

तर मग सारा पैशाचाच खेळ का? तसेही नाही. २०२३ साली मेट्सनी पगारांचा विक्रम केला आणि १६२पैकी ७५ सामने जिंकले. उलट १ नोव्हेंबर २०२५च्या सातव्या सामन्यात डॉजर्स पिछाडीवर असताना आठव्या डावात होमरन मारून अंतर एका धावेवर आणणारा मॅक्स मन्सी कोण? २०१७ साली ओकलंडने सोडून दिलेला आणि डॉजर्सनी दुय्यम संघाच्या करारावर उचललेला खेळाडू. नवव्या डावात बरोबरी साधणारा मिगेल रोहास हा छत्तीस वर्षांचा, फटक्यांसाठी मुळीच प्रसिद्ध नसलेला, अदलाबदलीत आलेला गडी. सत्तर कोटींच्या संघाला वाचवले ते हॅटेबर्गच्या जातीच्या दोन माणसांनी.

दुभती म्हैस

आणि ओकलंड? २०२२च्या मार्च-एप्रिलमध्ये क्लबने मॅट ओल्सन, मॅट चॅपमन, बॅसिट आणि मनाया या चौघांना महिन्याभरात देऊन टाकले. त्या वर्षी संघ १०२ सामने हरला, पुढच्या वर्षी ११२. १३ जून २०२३ रोजी प्रेक्षकांनी एक विलक्षण निषेध केला. बहिष्कार टाकण्याऐवजी २७ हजारांहून अधिक लोक मुद्दाम मैदानावर आले. आम्ही आहोत, हे मालकाला दाखवायला. २६ सप्टेंबर २०२४ रोजी तिथला शेवटचा सामना झाला, ४६ हजारांहून अधिक प्रेक्षकांसमोर. २०२५पासून संघ सॅक्रामेंटोच्या एका दुय्यम दर्जाच्या मैदानावर खेळू लागला. पुढचा मुक्काम लास वेगास ठरला आहे. आणि गंमत पाहा. ओकलंड सोडल्यानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात त्याच क्लबने लुइस सेव्हेरिनो या पिचरला तीन वर्षांसाठी ६ कोटी ७० लाख दिले. क्लबच्या तोवरच्या इतिहासातला तो सर्वांत मोठा करार. पैसा होता तर!

हे वाचताना मला माझ्या एका शाखेतला कर्जदार आठवला. म्हशीसाठी कर्ज घेतले होते. मार्चअखेर जवळ आली, हप्ते थकले होते. एके दिवशी तो रोख रक्कम घेऊन आला आणि खाते चुकते केले. मी खूश झालो. वसुलीच्या तक्त्यात एक ओळ सुधारली. सहा महिन्यांनी गावात गेलो तेव्हा कळले, त्याने दुभती म्हैसच विकली होती. खाते स्वच्छ, गोठा रिकामा, आणि पोरे चहा कोरा पितात. त्या दिवसापासून नुसत्या स्वच्छ खात्यावर माझा विश्वास राहिला नाही.

म्हैस विकणे नेहमीच चूक असते असे नाही. मिलवॉकी हेही लहान शहर. त्यांनी २०२४च्या फेब्रुवारीत आपला अव्वल पिचर बर्न्स आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात विल्यम्स देऊन टाकला. पण बदल्यात लगेच मैदानावर उभे राहतील असे तरुण घेतले, आणि २०२५ साली ९७ सामने जिंकून नियमित मोसमात तीसही संघांत पहिला क्रमांक पटकावला. पुढे डॉजर्सनी त्यांना सरळ चार सामन्यांत हरवले, हे खरे. पण मिलवॉकीच्या प्रेक्षकाला सहा महिने रोज संध्याकाळी आशेने मैदानावर जाता आले. म्हैस विकून त्यांनी दोन पारड्या आणल्या होत्या. काटकसर आणि कंजूषपणा यांत फरक आहे तो एवढाच.

मालक आणि खेळाडूंची संघटना यांच्यातला २०२२चा करार १ डिसेंबर २०२६पर्यंतचा. पगारांवर कमाल मर्यादा घाला, ही मालकांच्या बाजूची मागणी जुनी आहे. १९९४ साली याच वादातून संप झाला आणि वर्ल्ड सीरिजच रद्द करावी लागली. डॉजर्सची घोडदौड पाहून ही मागणी पुन्हा जोर धरते आहे. सर्वसामान्य रसिकाला ती न्याय्य वाटेल. पण नुसत्या कमाल मर्यादेने श्रीमंताचे हात बांधले जातील. अनिच्छुक मालकाची मूठ उघडणार नाही. आजही सर्व क्लब स्थानिक उत्पन्नाचा जवळजवळ निम्मा हिस्सा समान वाटपासाठी देतात, आणि लहान क्लबांनी त्यांना मिळणारा पैसा संघ सुधारण्यासाठी वापरावा असे करारातच लिहिलेले आहे. बँकेत याला कर्जाचा विनियोग तपासणे म्हणतात, आणि ती तपासणी टेबलावर बसून होत नाही. कमाल मर्यादेची चर्चा करायची तर किमान खर्चाची अटही तिच्याच जोडीने हवी आणि ती पाळली जाते की नाही हे गोठ्यात जाऊन पाहणारा कोणी हवा.

निघायच्या आदल्या रात्री नातवाने वही दाखवली. त्याने सोळा खेळाडू घेतले होते, सात दिले होते, आणि खाली अभिमानाने लिहिले होते : शिल्लक, १ कोटी १० लाख डॉलर.

‘‘छान,’’ मी म्हणालो. ‘‘पण आता या शिलकीचे काय करणार?’’

त्याने पेन्सिल तोंडात धरली, बराच वेळ विचार केला आणि वही पुन्हा उघडली.