जत्रेच्या उजेडात चालेल असा कॅमेरा

चवथ जवळ आली की पेडणे-डिचोलीकडच्या वाचकांची एक विचारणा हमखास येते: दहा-बारा हजारांत छोटा कॅमेरा कुठला घ्यावा? आणि लगोलग दुसरा प्रश्न, किती मेगापिक्सलचा? पहिल्या प्रश्नाचं उत्तर माणसागणिक बदलतं. दुसऱ्याचं माझं उत्तर ठरलेलं आहे: मेगापिक्सल विचारूच नका, कॅमेऱ्याला अंधारात किती दिसतं ते विचारा.

कारण आपल्याकडे टिपून ठेवावं असं बरंचसं रात्रीच घडतं. कोजागरीला पेडण्याची पुनव रात्रीची. शिरगावला लईराईच्या जत्रेत होमखण, म्हणजे लाकडांची मोठी होळी, पेटतं तेही रात्रीच, आणि धोंड, म्हणजे देवीचे व्रतस्थ भक्त, त्यातून जातात ते पहाटेच्या सुमाराला. दशावतारी नाटक रंगात येतं मध्यरात्र उलटल्यावर. गणपतीवरची रानफळांची माटोळी दिवसा बांधतात खरी, पण ती घरातल्या अर्ध्या काळोखात, खिडकीकडे पाठ करून टांगलेली असते. पुस्तिकेतले झगझगीत उन्हातले नमुना-फोटो बघून घेतलेला कॅमेरा इथे उपयोगी पडत नाही.

स्वस्त कॉम्पॅक्ट कॅमेऱ्यांत बहुधा १/२.३ इंची सेन्सर असतो. त्याचं प्रत्यक्ष माप सुमारे ६.२ बाय ४.६ मिलिमीटर, करंगळीच्या नखाहूनही लहान. त्याच जागेत एक कोटीऐवजी दोन कोटी ठिपके बसवले की प्रत्येक ठिपक्याच्या वाट्याला निम्मा उजेड येतो, आणि रात्रीच्या फोटोत रांगोळी सांडल्यासारखे दाणे दिसू लागतात. हे कंपन्यांनाही कळलं होतं. कॅननने २००८ साली १४.७ मेगापिक्सलचा जी-१० काढला आणि पुढच्याच वर्षी जी-११ मध्ये आकडा उतरवून १० वर आणला. त्याच वर्षीचा एस-९० आणि २०१० चा एस-९५ हे खिशात मावणारे, १० मेगापिक्सलचे, थोडा मोठा सेन्सर असलेले. आजही जुन्या बाजारात यातला एखादा धड स्थितीत मिळाला तर मी बेलाशक घ्या म्हणतो. सोनीचा २०१२ चा पहिला आरएक्स-१०० एक इंची वर्गातला. त्याच्या सेन्सरचं क्षेत्रफळ १/२.३ च्या चौपट भरतं. बजेट ताणता येत असेल तर तो.

दुसरी गोष्ट भिंगाभोवतीच्या कड्यावरच छापलेली असते आणि कोणी वाचत नाही. एस-९५ वर १:२.०-४.९ असं दिसेल, कॅननच्याच इक्सस २८५ वर १:३.६-७.०. आकडा जितका लहान तितका उजेड जास्त. पहिला आकडा झूम न करता, दुसरा पूर्ण झूम केल्यावरचा. इक्सस २८५ चा झूम १२ पट आहे, दिवसाउजेडी मयेच्या तळ्यावर पाखरू टिपायला तो छान. पण रात्री मांडवाच्या मागच्या रांगेतून तोच झूम पूर्ण ताणला, तर आत येणारा उजेड चौथाईच्या जवळपास उतरतो. कॅमेरा मग शटरचा पडदा जास्त वेळ उघडा ठेवतो, आणि दशावतारातल्या संकासुराचा हात फोटोत नुसता फरकाटा होऊन येतो. पुढे जाऊन बसा, झूमला हात लावू नका.

होमखणासाठी आणखी एक. चौकटीत बहुतांश काळोख दिसला की कॅमेरा फोटो उजळत नेतो आणि आगीचा पांढरा गोळा होतो. अधिक-उणे खुणेचं बटण असतं, ते उणे एकवर ठेवा, ज्वाळेचा रंग शाबूत राहतो. बटण नसलेला कॅमेरा घेऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. आणि फ्लॅश बंद. व्रतस्थ धोंडांच्या डोळ्यांवर तो मारणं बरं नव्हे, आणि मोरजीच्या वाळूत अंडी घालायला आलेल्या कासविणीवर तर मुळीच नाही.

चांगला फोन हाती असेल तर? आजचा बरा फोन एकामागून एक फोटो घेऊन ते जोडतो आणि स्थिर दृश्यात लहान सेन्सरच्या कॉम्पॅक्टला रात्री सहज मागे टाकतो. अशा माणसाने १/२.३ चा कॅमेरा घ्यायचा तो दिवसाच्या झूमसाठी, किंवा इंटरनेटशिवाय पोराच्या हाती द्यायला. ऑनलाइन दिसणारे बिननावाचे '४८ मेगापिक्सल, १६ पट झूम'वाले मात्र कोणीच घेऊ नयेत. त्यांतल्या बहुतेकांचं भिंग बाहेर येत नाही, म्हणजे झूम नुसती कापाकापी, आणि मेगापिक्सल फुगवलेले.

नव्या मालात आता फारशी निवड उरलेली नाही. २०१० साली जगभर असे छोटे १० कोटींहून अधिक कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले, २०२३ मध्ये २० लाखही नाहीत. त्यात जुन्या सीसीडी सेन्सरच्या रंगांचं तरुणांना वेड लागल्याने वापरलेल्यांचेही भाव चढलेत. म्हणून बाजाराआधी नातेवाइकांची कपाटं बघा. आखातातून किंवा बोटीवरून कोणीतरी आणलेला कॅमेरा आपल्याकडे घरोघरी पडून आहे.

मात्र तपासल्याशिवाय पैसे देऊ नका. चालू-बंद करताना भिंग अडखळलं किंवा करकरलं, तर आत किनाऱ्यावरची वाळू किंवा डिचोलीकडची खनिजाची धूळ गेलेली असते. भिंग बाहेर काढून तिरपा टॉर्च मारा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले की ती बुरशी. आपल्या पावसाळ्यात ती धरतेच, आणि काढण्याचा खर्च कॅमेऱ्याच्या किमतीएवढा होऊ शकतो. पांढऱ्या भिंतीचा फोटो काढून डाग बघा. बॅटरी फुगलेली नाही ना, ते बघा. कार्डाची खाच बघा: २००६ च्या आधीचे बरेच कॅमेरे दोन जीबीच्या वरचं कार्ड ओळखत नाहीत, आणि एक्सडी किंवा मेमरी स्टिकवाला कॅमेरा फुकट मिळाला तरी कार्ड शोधत फिरावं लागतं.

घेतल्यावर तो कपाटात कातडी पिशवीत कोंबू नका, बुरशीला तेच हवं असतं. घट्ट झाकणाचा डबा, त्यात निळ्या सिलिका जेलची पुडी. दाणे गुलाबी झाले की तापवून परत निळे करायचे. तांदूळ घालायचे नाहीत, पीठ भिंगात जातं.

प्रत्येक घराने कॅमेरा घ्यावा असं मला वाटत नाही. वाड्यावरच्या मंडळाने किंवा गावच्या वाचनालयाने वर्गणीतून एक बरा एस-९५ वा आरएक्स-१०० घ्यावा, वहीत नाव लिहून चवथीला, पुनवेला, जत्रेला ज्याला हवा त्याला द्यावा. कार्ड परत आलं की फोटो दोन ठिकाणी उतरवायचे, आणि प्रत्येक फोल्डरला तारीख, वाडा आणि प्रसंगाचं नाव द्यायचं. माटोळीच्या फोटोसोबत टांगलेल्या रानफळांची नावंही तिथेच टाइप करावीत, ती सांगणारी माणसं घरात आहेत तोवर.