फौजीची बायको

अणदूरसारख्या गावात फौजीचे लग्न त्याच्या सुट्टीच्या तारखा पाहून ठरते. सुट्टी संपली की तो जातो. घर, शेत, म्हातारी माणसे तिच्यावर. तिची ओळख मात्र 'फौजीची बायको' एवढीच.

माधुरी आणि राजीव कानिटकर हे जोडपे वेगळे, दोघेही फौजी. माधुरीताई १९८२ मध्ये लष्करी डॉक्टर झाल्या. संसाराची कितीतरी वर्षे दोन ठिकाणी गेली. राजीव लेफ्टनंट जनरल होऊन निवृत्त झाले; तोच हुद्दा माधुरीताईंना २९ फेब्रुवारी २०२० रोजी मिळाला. पुढे त्या नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाच्या कुलगुरूही झाल्या.

डॉक्टर नसलेल्या अनेक स्त्री अधिकाऱ्यांना कायम नियुक्तीचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने त्याआधी बाराच दिवस दिला होता. सरकारचे म्हणणे काय होते? घरसंसार, बाळंतपण ही कारणे होतीच. शिवाय म्हणे जवान बहुतांशी खेड्यातले, बाईचा हुकूम मानायला ते मनाने तयार नाहीत! न्यायालयाला हे पटले नाही. पण मैत्रिणींनो, यात नाव आपल्या खेड्यांचे घेतले गेले. सुट्टी संपवून गेलेल्या जवानाचे घर मग कोणाच्या हुकुमावर चालते, हे त्यालाच आपण कधी विचारले आहे का?