व्रत आपलं, ताट आपलं

नऊ सम्राट देवांचा उत्सव म्हटलं की आपल्याकडे एकच दृश्य पोहोचतं: थायलंडच्या फुकेत शहरात गालांतून सळया आरपार घालून चालणारे भक्त. ते दृश्य खरं आहे, पण त्यावरून उत्सव कळत नाही. मी मूळची मालवणची. नोकरीनिमित्त मलेशियातल्या पेनांग बेटावर राहते आणि हा उत्सव शेजाऱ्यापाजाऱ्यांसोबत पाहते. त्याचा जीव मला मिरवणुकीपेक्षा स्वयंपाकघरात दिसतो. एरवी डुक्कर, कोंबडी, मासळी चवीने खाणारी माणसं नऊ दिवस आपणहून ताट बदलतात आणि दुसऱ्याच्या ताटाला बोल लावत नाहीत. महाराष्ट्राने यातून शिकावं, असं मला मनापासून वाटतं.

चिनी पंचांगाच्या नवव्या महिन्याचे पहिले नऊ दिवस या देवांचे. ताओ परंपरेनुसार सप्तर्षींचे सात तारे आणि डोळ्यांना न दिसणारे आणखी दोन, असे हे नऊ बंधू. त्यांची आई तौ बो. पेनांगची होक्कियन बोलणारी मंडळी देवांना ‘किऊ ओंग या’ म्हणतात. पेनांगच्या जॉर्जटाउन शहरात हाँगकाँग स्ट्रीटवर तौ बोचं देऊळ आहे. उत्सवात देवळाबाहेर उंच खांबावर नऊ दिवे चढतात. भक्त पांढरे कपडे घालतात, हातात उदबत्त्यांचे जुडगे घेऊन रांगेत उभे राहतात. देव पाण्याच्या वाटेने येतात अशी श्रद्धा आहे, म्हणून नवव्या रात्री त्यांना समुद्रावर नेऊन निरोप देतात. फुकेतजवळच्या कथू इथली परंपरा १८२५ सालापासूनची सांगतात. कथिलाच्या खाणींतल्या चिनी मजुरांपुढे खेळ करायला आलेली नाटक मंडळी तापाने आजारी पडली, त्यांनी शाकाहार पाळून या देवांची आराधना केली आणि ती बरी झाली, अशी तिथली कथा.

मराठी वाचकाला हे नऊ दिवस ओळखीचे वाटतील. २०२४ मध्ये आपली घटस्थापना आणि या चिनी उत्सवाचा पहिला दिवस दोन्ही ३ ऑक्टोबरला आले होते. २०२५ मध्ये चिनी पंचांगात अधिक महिना पडला, म्हणून आपलं नवरात्र २२ सप्टेंबरला बसलं आणि त्यांचा उत्सव २१ ऑक्टोबरला. ज्या वर्षी दोन्ही एकत्र येतात, त्या वर्षी क्वीन स्ट्रीटवरच्या मारियम्मन देवळात तमिळ मंडळींचं नवरात्र चालू असतं, चिनी गल्ल्यांत उदबत्तीचा धूर दाटलेला असतो आणि माझ्या घरी घट बसलेला असतो.

आमच्या शेजारच्या आजी उत्सवाच्या आधीच कपाटातून वेगळी कढई, वेगळ्या वाट्या आणि वेगळ्या चॉपस्टिक्स काढतात. ही भांडी वर्षभर बांधून ठेवलेली असतात. मांस, मासळी, अंडं तर वर्ज्यच, पण कांदा-लसूणही नाही. आपल्याकडे चातुर्मासात कांदा-लसूण सोडणाऱ्यांना हे नवीन वाटणार नाही. रस्त्यावर तर अख्खा बदल दिसतो. पेनांगची शान म्हणजे ‘चार क्वे त्याव’, मोठ्या आचेवर परतलेल्या तांदळाच्या रुंद शेवया. एरवी त्यात कोळंबी, शिंपले, अंडं आणि डुकराची चरबी. या दिवसांत कितीतरी गाडीवाले हे सगळं बाजूला ठेवतात, कढई घासून काढतात, टोफू आणि मोड आलेले मूग घालून तोच पदार्थ करतात आणि गाडीवर पिवळा झेंडा लावतात. झेंडा दिसला की व्रत करणाऱ्याने निर्धास्त खावं. शेजारच्या गाडीवर डुकराच्या मांसाचा रस्सा उकळत असतो. त्याला कोणी हटकत नाही.

व्रत किती दिवस पाळायचं, हेही ज्याचं त्याने ठरवायचं. कोणी नऊ दिवस पाळतं, कोणी पहिला आणि शेवटचा दिवस, कोणी आधीपासूनच पोट हलकं ठेवतं. आजींचा मुलगा पाळतच नाही. त्या त्याचं जेवण वेगळ्या भांड्यात ठेवतात, एवढंच. मात्र देवांची पालखी उचलायची तर व्रत कडक हवं. नियमाची धार व्रत घेणाऱ्याकडे वळलेली आहे, बघणाऱ्याकडे नाही. मला हाच खरा धर्म वाटतो.

हे आपल्या मातीलाही परकं नाही. माझ्या आईने सोमवार, गुरुवार आणि सबंध श्रावण मासळीशिवाय काढला. त्या दिवसांतही शेजारी कोणाच्या घरी तळलेल्या बांगड्याचा वास सुटला, तर तिचं व्रत मोडलं नाही. दारावरून जाणारी मासेवालीची पाटी तिने कधी अडवली नाही. त्या पाटीवर एक घर चालतं, हे तिला ठाऊक होतं.

आता आपण कुठे आलो आहोत? २०१५ मध्ये जैनांच्या पर्युषणाच्या काळातल्या मांसविक्रीबंदीचा मुंबईतला वाद न्यायालयापर्यंत गेला. २०२५ मध्ये कल्याण-डोंबिवली महापालिकेने स्वातंत्र्यदिनी मांसाची दुकानं बंद ठेवायला सांगितलं. नवरात्र जवळ आलं की देशात कुठे ना कुठे अशी मागणी उठतेच. या आदेशांनी कोणाचं व्रत वाढत नाही. खाटकाची त्या दिवसाची कमाई मात्र जाते आणि सणाला विनाकारण कडवटपणा येतो.

यावर मला एक उत्तर ऐकायला मिळतं: तिथले चिनी मुस्लिमबहुल देशात राहतात, ते बंदी मागणार तरी कशी? पण जॉर्जटाउनच्या चिनी वस्तीत त्यांचीच संख्या मोठी आहे, दुकानंही बहुतेक त्यांचीच. मांस विकणारा आणि व्रत धरणारा अनेकदा एकाच देवळात उदबत्ती लावतात. आपल्याच माणसावरही ते सक्ती करत नाहीत. तेव्हा हा प्रश्न संख्येचा नाही, समजुतीचा आहे.

या उत्सवातलं सगळंच मला मान्य आहे असं नाही. फुकेतच्या नियमांत पाळी आलेल्या आणि गरोदर बायकांना सोहळ्यापासून दूर राहायला सांगितलं आहे. हा नियम मला आपल्या देवळांत पटत नाही आणि तिथेही पटत नाही. गालातल्या सळयांपुढेही माझे हात जोडले जात नाहीत. पण गाडीवरच्या पिवळ्या झेंड्यापुढे जोडले जातात.

म्हणून माझी विनंती महापालिकांना आणि नवरात्र मंडळांनाही आहे. पालिकांनी सणासाठी कोणाचं दुकान बंद करू नये. मंडळांनी मांडवाशेजारी उपासाच्या पदार्थांच्या गाड्या लावाव्यात, दमलेल्या कामगाराला परवडेल अशा दरात वरईचा भात आणि दाण्याची आमटी द्यावी. उपास करणाऱ्याची सोय करा, न करणाऱ्याला त्याच्या मनासारखं जेवू द्या.