पिशवी काढण्याआधी विचारा

पाळीत अंगावरून फार जाते, ओटीपोट दुखते, म्हणून बाई दवाखान्यात जाते. सोनोग्राफीत गर्भाशयात गाठ दिसते. ‘पिशवी काढून टाका, कटकट मिटेल,’ असा सल्ला मिळतो आणि घरचे होकार देतात. नुसती गाठ काढता येईल का, हा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारत नाही.

बऱ्याचदा ती काढता येते. या गाठींना फायब्रॉइड म्हणतात. त्या गर्भाशयाच्या स्नायूपासून बनतात आणि त्यांत कर्करोग अगदी क्वचित निघतो. अनेकींना त्यांचा त्रासही होत नाही. अशांना ऑपरेशनची गरज नसते, अधूनमधून तपासणी पुरते. त्रास असेल आणि पुढे मूल हवे असेल, तर गाठ काढून गर्भाशय राखणारी शस्त्रक्रिया आहे. तिला मायोमेक्टॉमी म्हणतात. पोटावर लहान छिद्रे पाडून दुर्बिणीतून गाठ सोडवतात आणि गर्भाशयाची भिंत टाके घालून शिवतात. गाठ आतल्या पोकळीत असेल, तर योनीमार्गे दुर्बीण घालून ती काढतात. पोटावर छेदच लागत नाही. रक्तस्राव आणि वेदना कमी, घरी लवकर जाता येते.

मर्यादाही माहीत हव्यात. गाठी पुन्हा होऊ शकतात. गर्भधारणेआधी काही महिने थांबावे लागते आणि बाळंतपणात अनेकदा सिझेरियनचा सल्ला मिळतो. मूल होईलच, याची हमी नाही. गाठी फार मोठ्या किंवा पुष्कळ असतील तर पोट उघडावे लागते. पण तेव्हाही गर्भाशय राखता येऊ शकते. म्हणून छेद केवढा, यापेक्षा पिशवी राहणार का, हे आधी विचारावे.

हा प्रश्न किती गंभीर आहे, हे बीडने दाखवले. त्या जिल्ह्यात तीन वर्षांत 4,605 स्त्रियांची गर्भाशये काढली गेल्याचे 2019 साली राज्य सरकारनेच विधिमंडळात सांगितले. त्यांत ऊसतोड करणाऱ्या बाया पुष्कळ होत्या. एप्रिल 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अनावश्यक गर्भाशय-शस्त्रक्रिया रोखण्यासाठी केंद्राच्या मार्गदर्शक सूचना तीन महिन्यांत लागू करण्याचे आदेश सर्व राज्यांना दिले.

दवाखान्याला बोल लावताना आपले घरही तपासू या. मूल नसल्याचे खापर बाईवर फोडण्यात आपला समाज इतरांपेक्षा वेगळा नाही. आपल्याकडे त्यात तलाक आणि दुसऱ्या निकाहची धास्ती मिसळते. म्हणून ‘निकाह होईपर्यंत कोणाला सांगू नकोस,’ असे अम्मीच मुलीला बजावते. ती वर्षानुवर्षे रक्त गमावत राहते, गाठ वाढू शकते, हिमोग्लोबिन उतरते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण 5 नुसार देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. त्यात ही लाज परवडणारी नाही. आणि मूल होत नसेल तर शौहरची वीर्यतपासणीही सुरुवातीलाच झाली पाहिजे. ती साधी आणि स्वस्त आहे, तरी ती टाळण्यासाठी केवढी धडपड चालते!

संमतीचा मुद्दा याहून मोठा आहे. 16 जानेवारी 2008 च्या निकालाचे प्रकरण असे होते: दुर्बिणीच्या तपासणीसाठी भूल दिलेली असताना, केवळ आईच्या होकारावर एका 44 वर्षांच्या स्त्रीचे गर्भाशय आणि बीजांडकोश काढले गेले. सर्वोच्च न्यायालयाने ते अवैध ठरवले. सज्ञान, शुद्धीवर येऊ शकणाऱ्या स्त्रीची संमती तिनेच द्यायची असते. जिवाला तातडीचा धोका नसेल, तर आई, शौहर किंवा सासरे तिच्या वतीने ती देऊ शकत नाहीत. मूल हवे की नको, पिशवी ठेवायची की काढायची, हा निर्णय तिचा. त्रासाला कंटाळून, सगळे समजून घेऊन तिने पिशवी काढायची ठरवली, तर तोही तिचाच हक्क.

तरुण मित्रमैत्रिणींनो, आपल्या आपा, खाला, भाभीसोबत दवाखान्यात जा. गाठ कुठे आहे, केवढी आहे, औषधाने भागेल का, पिशवी राखता येईल का, हे विचारा. उत्तरे लिहून घ्या. दुसऱ्या डॉक्टरचे मत घ्या. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत हा उपचार बसतो का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधीच विचारा. आणि संमतीच्या कागदावर सही करण्याआधी तो तिला तिच्या भाषेत वाचून दाखवा.