मैदान कुणाचं: शहराचं की मालकाचं?

२७ ऑगस्ट २०१९. मँचेस्टरच्या उत्तरेला असलेल्या बेरी शहरात माणसं झाडू, बादल्या, फडकी घेऊन गिग लेन मैदानावर जमली होती. शनिवारी सामना होईल या आशेवर खुर्च्या पुसणं चाललं होतं. त्याच रात्री इंग्लिश फुटबॉल लीगनं बेरी क्लबला बाहेर काढलं. १८९४ पासूनचं सदस्यत्व संपलं. हे पुन्हा कुठल्याही शहराच्या वाट्याला येऊ नये, म्हणून हे मुद्दे.

१. बेरी हा कालपरवाचा क्लब नव्हे. स्थापना १८८५ ची. एफए कप दोनदा जिंकला: १९०० मध्ये साउदॅम्प्टनला ४-० आणि १९०३ मध्ये डर्बी काउंटीला ६-० हरवून. अंतिम सामन्यातल्या त्या सहा गोलांच्या फरकाशी बरोबरी व्हायला मे २०१९ उजाडावा लागला. ती केली शेजारच्या मँचेस्टर सिटीनं. त्यानंतर तीनेक महिन्यांत बेरीचं नाव लीगमधून पुसलं गेलं.

२. क्लब मैदानावर हरला नव्हता. पगार थकलेले असतानाही २०१८-१९ च्या हंगामात खेळाडूंनी चौथ्या श्रेणीत दुसरा क्रमांक मिळवून वरची श्रेणी गाठली. बुडाला तो हिशेबात. डिसेंबर २०१८ मध्ये कर्जात रुतलेला हा क्लब एका पौंडाला विकला गेला, आणि क्लब चालवण्याइतका पैसा आहे याचा पुरावा नव्या मालकानं देण्याआधीच व्यवहार पुरा झाला. घर भाड्यानं देताना आपण माणसाची चौकशी करतो. इथे एका शहराची सव्वाशे वर्षं हातात देताना ती झाली नाही.

३. शिक्षा झाली ती पिढ्यान्‌पिढ्या तिकिटं काढणाऱ्यांना. देणी थकवली होती दुसऱ्यांनीच.

४. सगळ्यात कळीचा मुद्दा जमिनीचा. गिग लेन गहाण पडलं होतं, त्यामुळे क्लब गेला तसं मैदानालाही कुलूप लागलं. चाहत्यांनी बेरी एएफसी हा नवा संघ काढला. तो रॅडक्लिफला, दुसऱ्याच्या मैदानावर खेळायचा. २०२२ मध्ये गिग लेन चाहत्यांच्या हाती आलं, त्यात सरकारच्या निधीतले १० लाख पौंड होते. तरीही चाहते दोन गटांत विभागलेले. या दोन गटांच्या विलीनीकरणाचा ठराव एकदा पडला, २०२३ मध्ये मंजूर झाला आणि त्याच वर्षी, नवव्या श्रेणीत का होईना, गिग लेनवर पुन्हा सामने सुरू झाले. मैदान आधीपासूनच शहराच्या विश्वस्त संस्थेकडे असतं, तर गहाणखताच्या कागदाला चार वर्षांचं खेळणं गिळता आलं नसतं. म्हणून मैदानाची मालकी क्लबच्या मालकापासून वेगळी ठेवणं सक्तीचं करावं.

५. २०२५ मध्ये ब्रिटिश संसदेनं फुटबॉलसाठी स्वतंत्र नियामक नेमणारा कायदा केला. मालकाची पारख, क्लबला परवाना, परवानगीशिवाय मैदान विकायला बंदी: जे हवं होतं त्यातलं बरंच त्यात आहे, आणि त्याचं मी मनापासून स्वागत करतो. पण त्याची हद्द वरच्या पाच श्रेणींपाशी संपते. खालच्या श्रेणींतली मैदानंही कुणाच्या तरी घराशेजारी आहेत, तिथेही तारण आणि विक्रीचे कागद होतात. निदान मैदानविक्रीचं कलम तरी त्यांना ताबडतोब लागू करावं. ज्या बेरीची आठवण काढत हा कायदा मागितला गेला, तो क्लब आज त्या हद्दीबाहेरच खेळतो आहे.