विश्लेषण : मका घेतला, चुना विसरला! मेक्सिकन बीन्स-टॉर्टिया घरी करताना नेमके काय चुकते?

मैद्याच्या तयार पोळ्यांचे पाकीट, डब्यातले बीन्स आणि वरून भरपूर चीज व मेयोनीज. शहरी घरांत ‘आज मेक्सिकन करू’ म्हटले की साधारण हेच ताटात येते. चवीला ते वाईट नसते, पण त्यात मेक्सिकोच्या स्वयंपाकघरातले फारसे काही उरलेले नसते. तिथल्या रोजच्या जेवणाचा पाया मका, बीन्स आणि मिरची हा आहे. तो मुळात शाकाहारी आहे, स्वस्त आहे आणि त्याचे सामान आपल्याकडे सहज मिळते. आपण पदार्थाचे नाव घेतले, पद्धत मात्र सोडून दिली. ती का सोडू नये, हे समजून घेण्यासारखे आहे.

कोणता पदार्थ करायचा?

घरी करून पाहायला सर्वात योग्य पदार्थ म्हणजे एन्फ्रिहोलादास. मिरचीच्या (चिले) रश्शात बुडवलेला टॉर्टिया म्हणजे एन्चिलादा. तसा बीन्सच्या (फ्रिहोल) रश्शात बुडवलेला टॉर्टिया म्हणजे एन्फ्रिहोलादा. ओआहाका प्रांतात हा घरगुती पदार्थ विशेष आवडीने खाल्ला जातो. शिजवलेले बीन्स वाटून पातळ करायचे, त्यात मक्याचा टॉर्टिया बुडवून घडी घालायची, वर थोडे ताजे चीज आणि कच्चा कांदा. सारण भरणे नाही, ओव्हन नाही.

मक्याच्या पिठाचा टॉर्टिया फाटतो का?

गिरणीतून आणलेल्या मक्याच्या पिठाचा टॉर्टिया लाटायला गेले की कडा चिरतात आणि घडी घालताना तो मोडतो. दोष हाताचा नसतो. मक्यात गव्हासारखे ग्लुटेन नसते, त्यामुळे पिठाला चिवटपणा येत नाही. मेक्सिकोत मका कोरडा दळतच नाहीत. चुन्याच्या पाण्यात उकळून, रात्रभर भिजवून, धुऊन मग ओला वाटतात. या प्रक्रियेला निक्स्तमलीकरण म्हणतात. नावातला ‘नेश्त्ली’ हा नाहुआत्ल भाषेतला शब्द राखेसाठी आहे, कारण चुन्याप्रमाणे राखही वापरली जाई. ही पद्धत किमान तीन हजार वर्षे जुनी आहे.

चुन्यामुळे पाणी अल्कधर्मी होते. त्यात दाण्याचे टरफल सुटते, पेशीभित्तिका सैल होतात आणि स्टार्च अर्धवट शिजून चिकट होतो. म्हणून वाटलेल्या मक्याचा गोळा, म्हणजे ‘मासा’, एकसंध राहतो.

मुद्दा फक्त पोताचा आहे का?

नाही. कोलंबसानंतर मका युरोपात गेला. तिथल्या लोकांनी पीक घेतले, दळून लापशी केली, पण चुन्याची पद्धत अमेरिकेतच राहिली. १७३५ मध्ये स्पेनच्या आस्तुरियास भागात गास्पार कासाल या डॉक्टरने मक्यावर गुजराण करणाऱ्या गरिबांमध्ये एक विचित्र त्वचारोग नोंदवला. १७७१ मध्ये इटलीत त्याला ‘पेलाग्रा’ हे नाव मिळाले. त्वचा सोलवटणे, जुलाब, बुद्धिभ्रम आणि उपचार न झाल्यास मृत्यू, असे त्याचे स्वरूप. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत या रोगाने हजारो माणसे दगावली. अनेकांना तो संसर्ग वाटत होता. डॉ. जोसेफ गोल्डबर्गर यांनी १९१४ पासून केलेल्या कामातून दोष आहाराचा असल्याचे दाखवून दिले. कमी पडणारा घटक नायसिन (जीवनसत्त्व ब-३) आहे, हे १९३७ मध्ये स्पष्ट झाले.

मक्यात नायसिन असते, पण बांधलेल्या स्वरूपात. शरीराला ते फारसे मिळत नाही. चुन्याच्या पाण्यात ते मोकळे होते. शिवाय मक्यात लायसिन हे अमिनो आम्ल कमी आणि बीन्समध्ये भरपूर, तर बीन्समध्ये मेथिओनिन कमी आणि मक्यात तुलनेने बरे. डाळ-भाताचे गणित हेच आहे. मेक्सिकोत हजारो वर्षे मका खाऊनही पेलाग्रा फारसा दिसला नाही, त्यामागे चुना आणि बीन्स दोन्ही आहेत. आपला आहार आज एकट्या मक्यावर नाही, त्यामुळे घाबरण्याचे कारण नाही. पण पीक उचलून पद्धत मागे टाकली तर काय किंमत मोजावी लागू शकते, याचे इतके स्पष्ट उदाहरण दुसरे सापडणे कठीण.

घरी मासा कसा तयार होईल?

• ५०० ग्रॅम सुका मका (स्वीट कॉर्न नको), दीड लिटर पाणी आणि ५ ग्रॅम खाण्यायोग्य चुन्याची कोरडी पूड, म्हणजे मक्याच्या वजनाच्या १ टक्का. चमच्याने अंदाज करू नका, काट्यावर मोजा. रंगकामाचा चुना किंवा चुनकळी अजिबात नको.

• भांडे स्टीलचे घ्या. चुन्याची ॲल्युमिनियमशी अभिक्रिया होते.

• उकळी आल्यावर मंद आचेवर ३० ते ४५ मिनिटे ठेवा. बोटांनी चोळल्यावर टरफल सुटले की गॅस बंद करा आणि रात्रभर झाकून ठेवा.

• सकाळी तीन-चार पाण्यांनी चोळून धुवा. कमीत कमी पाणी घालून वाटा. मेक्सिकोत यासाठी ‘मेताते’ वापरतात. आपला पाटा-वरवंटा त्याचाच सख्खा भाऊ. मिक्सरमध्ये गोळा सैल झाला तर थोडे कोरडे मक्याचे पीठ मिसळा.

• प्लास्टिकच्या दोन कागदांत लिंबाएवढा गोळा ठेवून सपाट बुडाच्या भांड्याने दाबा. कडकडीत तव्यावर दोन्ही बाजूंनी भाजा आणि फडक्यात गुंडाळून ठेवा.

एवढा वेळ नसेल तर याच प्रक्रियेचे तयार पीठ ‘मासा हारिना’ नावाने ऑनलाइन मिळते.

कोणते बीन्स घ्यावेत?

मेक्सिकोतले काळे बीन्स, पिंटो बीन्स आणि आपला राजमा या एकाच प्रजातीच्या जाती आहेत. साताऱ्याच्या कोरेगाव तालुक्यातला, भौगोलिक मानांकन मिळालेला वाघ्या घेवडाही त्यांच्याच कुळातला. त्याचे पट्टे पाहिले की पिंटोची आठवण येते. आयात डब्याऐवजी तो वापरायला काहीच हरकत नाही.

एक इशारा मात्र गंभीर आहे. कच्च्या राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन हे विषारी प्रथिन असते. चार-पाच कच्चे दाणेही उलट्या-जुलाबांना पुरेसे ठरू शकतात. मंद आचेच्या स्लो कुकरमध्ये तापमान ८० अंशांच्या आसपास राहिले तर विषारीपणा उलट वाढू शकतो. म्हणून रात्रभर भिजवा, ते पाणी फेकून द्या आणि ताज्या पाण्यात प्रेशर कुकरमध्ये दाणा बोटांनी सहज चुरडेपर्यंत शिजवा.

कृती थोडक्यात

चौघांसाठी एक वाटी राजमा अर्धा कांदा आणि दोन लसूण पाकळ्या घालून शिजवा. चार ब्याडगी मिरच्या तव्यावर भाजून गरम पाण्यात भिजवा. शिजलेला राजमा, त्याचेच पाणी आणि मिरच्या एकत्र वाटा. कढईत तेलावर थोडा कांदा परतून हे वाटण घाला, मीठ घाला आणि पातळ पिठल्याइतके ओघळते होईपर्यंत उकळा. टॉर्टिया गरम तेलातून काही सेकंदच काढा, म्हणजे रश्शात विरघळणार नाहीत. रश्शात बुडवून घडी घाला. वर मीठ लावून कुस्करलेले पनीर, बारीक कांदा, कोथिंबीर आणि फेटलेले घट्ट दही. बस.

मग तयार पाकीट आणूच नये का?

जरूर आणा. गव्हाचा टॉर्टियाही उत्तर मेक्सिकोत पिढ्यान्‌पिढ्या खाल्ला जातो, त्याला खोटे ठरवण्यात अर्थ नाही. (शाकाहारींनी परदेशात किंवा आयात डबा घेताना एवढे पाहावे : त्यात आणि परतलेल्या बीन्समध्ये अनेकदा डुकराची चरबी असते.) आक्षेप आहे तो भरपूर चीज घालून साध्या अन्नाला महागडा ‘चीट मील’ बनवण्याला. युनेस्कोने २०१० मध्ये पारंपरिक मेक्सिकन पाककलेला अमूर्त वारशाच्या यादीत घेतले, त्यात केवळ पाककृती नव्हत्या. शेतापासून निक्स्तमलापर्यंतची सगळी साखळी होती.

सगळे एकदम जमवण्याची गरज नाही. या रविवारी फक्त बीन्सचा रस्सा करा, घरातल्या पोळीबरोबर खा. चव पटली तर पुढच्या शनिवारी रात्री मका चुन्याच्या पाण्यात टाका. चीजचा खर्च वाचेल आणि मुलांच्या पोटात कडधान्य जाईल, हे वेगळेच.