पडद्यावर न आलेला सुपरमॅन

एखादा चित्रपट प्रदर्शित झाल्यावर त्याच्या गुणदोषांची चर्चा व्हावी, हे स्वाभाविक आहे. परंतु जो चित्रपट कधी तयारच झाला नाही, त्याच्या नायकावरून पाव शतकाहून अधिक काळ वाद चालत राहावा, हे नवलच म्हटले पाहिजे. अमेरिकेतील ‘सुपरमॅन लिव्ह्ज’ हा असा चित्रपट आहे. ‘सुपरमॅन जिवंत आहे’ असा या नावाचा अर्थ. आणि नेमका हाच सुपरमॅन जन्माला आला नाही. १९९६ च्या सुमारास वॉर्नर ब्रदर्स या चित्रपट कंपनीने त्याची जुळवाजुळव सुरू केली. पुढे दिग्दर्शक म्हणून टिम बर्टन आणि नायक म्हणून निकोलस केज यांची निवड झाली. पटकथा एकामागून एक तीन लेखकांच्या हातांतून गेली. वेश शिवून झाले, देखाव्यांची रेखाटने झाली, चित्रीकरणासाठी पिट्सबर्ग शहराचा विचार झाला. १९९८ मध्ये सुपरमॅनला साठ वर्षे पूर्ण होणार होती. त्याच वर्षी चित्रपट लोकांसमोर आणण्याचा बेत होता. त्याच वर्षी कंपनीने काम थांबवले. खर्चाचा अंदाज फुगत चालला होता आणि कंपनीचे आधीचे काही मोठे चित्रपट अपेक्षेप्रमाणे चालले नव्हते. तोवर सुमारे तीन कोटी डॉलर खर्ची पडले होते, असे सांगितले जाते.

सुपरमॅनची मूळ कथा थोडक्यात अशी आहे. क्रिप्टन नावाचा दूरचा ग्रह नष्ट होण्याच्या क्षणी एक शास्त्रज्ञ आपल्या तान्ह्या मुलाला यानात ठेवून पृथ्वीकडे पाठवतो. अमेरिकेतील एक शेतकरी दांपत्य त्याला वाढवते. मोठेपणी तो क्लार्क केंट या नावाने वृत्तपत्रात बातमीदारी करतो. आणि संकट आले, की निळा वेश व पाठीवर फडफडणारे तांबडे वस्त्र घालून लोकांच्या मदतीला धावतो. १९७८ मध्ये रिचर्ड डॉनर यांच्या चित्रपटात क्रिस्टोफर रीव्ह यांनी ही भूमिका केली आणि सुपरमॅन म्हणजे रीव्ह, असे समीकरण अनेकांच्या मनात कायमचे बसले. त्या मालिकेतील चौथा चित्रपट १९८७ मध्ये साफ पडला. त्यानंतर १९९२ मध्ये चित्रकथेत सुपरमॅनचा मृत्यू दाखवण्यात आला. त्या अंकाच्या लक्षावधी प्रती खपल्या आणि पुढच्याच वर्षी तो परतही आला. मरून परतलेला हा नायक पडद्यावर आणावा, अशी नव्या चित्रपटाची मूळ कल्पना होती.

वाद पेटला तो त्यात सुचवलेल्या बदलांमुळे. पटकथेचे पहिले लेखक केव्हिन स्मिथ यांनी पुढे जाहीर व्याख्यानात सांगितलेल्या आठवणीनुसार निर्माते जॉन पीटर्स यांच्या तीन अटी होत्या. सुपरमॅनने तो प्रसिद्ध वेश घालायचा नाही, उडायचे नाही आणि शेवटच्या भागात एका अवाढव्य कोळ्याशी लढायचे. श्रोते हसून हसून बेजार झाले. (१९९९ मध्ये पीटर्स यांचीच निर्मिती असलेल्या ‘वाइल्ड वाइल्ड वेस्ट’ या चित्रपटात खरोखरच एक प्रचंड यांत्रिक कोळी अवतरला, तेव्हा आठवणीत काही तथ्य असावे.) बर्टन आल्यावर दृष्टी बदलली. त्यांना आणि केज यांना हवा होता तो पृथ्वीवर कोठेही न सामावणारा, स्वतःलाच अनोळखी वाटणारा परका जीव. वेशाच्या चाचणीत केज यांचे केस खांद्यापर्यंत रुळत होते. एका चाचणीतील छायाचित्र पुढे बाहेर आले. त्यात केज यांचे डोळे नेमके अर्धवट मिटलेले होते. न झालेल्या चित्रपटाची थट्टा करायला तेवढे एक छायाचित्र पुरेसे ठरले.

चाहत्यांचे म्हणणे थोडक्यात असे होते, की हा सुपरमॅनच नव्हे. वेश नाही, उड्डाण नाही, चेहऱ्यावरचे प्रसन्न हास्य नाही. मग उरले काय? नाव तेवढे तेच ठेवून दुसराच कोणी आमच्या गळ्यात मारू नका. काही वर्षांनी याउलट बोलणारा दुसरा वर्गही तयार झाला. काहीतरी वेगळे घडू पाहत होते आणि आपणच ते घडू दिले नाही, अशी हळहळ तो व्यक्त करू लागला.

पहिल्या पक्षाच्या आक्षेपाचा मोठा भाग मला टिकाऊ वाटत नाही. ज्या ‘मूळ’ सुपरमॅनच्या नावाने ही तक्रार होती, तो मूळ सुपरमॅन पाहिला, तर चाहत्यांनाही तो ओळखू येणार नाही. जून १९३८ चा अंक असे छापलेल्या ‘ॲक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकातील सुपरमॅन उडत नाही. तो उडी मारतो. एका उडीत मैलाचा आठवा हिस्सा पार करतो, पण पुन्हा जमिनीवर येतो. आकाशात तो संचार करू लागला तो पुढे, १९४० च्या दशकाच्या आरंभी. त्याचे वृत्तपत्र आरंभी ‘डेली प्लॅनेट’ नव्हते, ‘डेली स्टार’ होते. ज्याच्या सान्निध्यात त्याचे बळ नाहीसे होते तो क्रिप्टोनाइट नावाचा पदार्थ १९४३ मध्ये रेडिओवरील मालिकेतून लोकांना परिचित झाला. म्हणजे ज्या गोष्टींना आपण या नायकाचे प्राण समजतो, त्यांतील कित्येक गोष्टी नंतर कोणीतरी जोडलेल्या आहेत. त्या प्रत्येक वेळी कोणाचा तरी हात मूळ कथेला लागलाच होता. सर्वाधिक टवाळी झालेली पीटर्स यांची अट, नायकाने उडू नये ही, अजाणता १९३८ च्या अधिक जवळ जाते. हा विनोद कोणाच्या फारसा लक्षात आलेला दिसत नाही.

वेशाबद्दलचा आग्रह तर फारच पातळ आहे. २०१३ च्या ‘मॅन ऑफ स्टील’ या चित्रपटात निळ्या वेशावरची ती सुप्रसिद्ध तांबडी चड्डी गेली, २०२५ च्या ‘सुपरमॅन’ चित्रपटात ती परत आली. आणि दोन्ही वेळा तिच्यावर गंभीर चेहऱ्याने चर्चा झाली. २०१३ च्या चित्रपटाबाबत खरा विचार करण्याजोगा मुद्दा वेगळाच होता. त्यात नायक आपल्या शत्रूची मान मोडून त्याला ठार करतो. हे त्याने करावे का, या प्रश्नावर चाहते भांडले, ते भांडण सार्थ होते. कारण तेथे कपडा बदलला नव्हता, माणूस बदलला होता.

नायकाचा गाभा कोणता, हे पाहायचे असेल, तर तो पहिला अंक पुन्हा उघडावा. त्यात सुपरमॅन एका निरपराध स्त्रीला मृत्युदंडातून वाचवतो. बायकोला मारहाण करणाऱ्या नवऱ्याला अद्दल घडवतो. लोकप्रतिनिधीला फितवणाऱ्या दलालाचे बिंग फोडतो. परग्रहावरचा राक्षस त्यात नाही. ज्यांची दाद कोठेच लागत नाही, अशांच्या बाजूने उभे राहिलेले बळ, एवढीच ती कल्पना आहे. महामंदीत होरपळलेल्या अमेरिकेला ती का भावली असेल, हे सांगायला नको. आता न झालेल्या चित्रपटाकडे पाहा. स्मिथ यांच्या पटकथेत सुपरमॅन आपल्या शहराचे रक्षण करताना प्राण देतो आणि परत येऊन पुन्हा त्याच कामाला लागतो. केस लांब असोत की आखूड, गाभा शाबूत होता.

एक आक्षेप मात्र सहज बाजूला सारता येत नाही. तो बर्टन यांच्या ‘परक्या’वर होता. सुपरमॅन परग्रहावरून आला हे खरे, पण त्याचे वैशिष्ट्य परकेपणात नसून आपलेपणात आहे. एका शेतकरी घराने त्याला माया लावली, म्हणून तो या भूमीचा झाला, असे या चाहत्यांचे म्हणणे. बर्टन यांच्या बाजूनेही बोलण्यासारखे पुष्कळ आहे. सुपरमॅनचे जनक जेरी सीगल आणि जो शस्टर हे दोघेही ज्यू स्थलांतरितांच्या घरांत वाढलेले होते. शस्टर यांचा तर जन्मही कॅनडातला. आपले खरे नाव आणि खरा मुलूख झाकून, चष्मा लावून चारचौघांत मिसळणारा क्लार्क केंट हा त्यांच्या कल्पनेतून निघाला, यात आश्चर्य नाही. आपला प्रांत सोडून परभाषेच्या गावात ज्यांनी आयुष्य काढले आहे, त्यांना हा पेच समजावून सांगावा लागणार नाही. घरची भाषा एक आणि बाजारातली दुसरी. आपण येथले झालो की अजून पाहुणेच आहोत, हे कधीकधी स्वतःलाही सांगता येत नाही. सुपरमॅन या दोहोंपैकी कोण, हा प्रश्न पटकथेच्या कागदावर सुटणारा नव्हता. तो पडद्यावर पाहूनच ठरला असता.

आणि येथेच माझे मत चाहत्यांच्या विरुद्ध जाते. न पाहिलेल्या कलाकृतीला दोषी ठरवू नये. १९८८ मध्ये याच बर्टन यांनी बॅटमॅनच्या भूमिकेसाठी मायकल कीटन यांना निवडले, तेव्हा विनोदी भूमिका करणारा नट आमच्या नायकाचे हसे करील, अशी हजारो निषेधपत्रे वॉर्नर ब्रदर्सकडे आली. १९८९ मध्ये चित्रपट आला आणि प्रचंड चालला. त्यानंतर कीटन यांचा बॅटमॅन अनेकांना इतका प्रिय झाला, की २०२३ च्या ‘द फ्लॅश’ या चित्रपटात त्यांना त्याच वेशात पुन्हा आणण्यात आले. केज यांच्या वाट्याला अशी परीक्षा आली असती, तर ते उत्तीर्ण झाले असते असे मी म्हणत नाही. त्यांना परीक्षेलाच बसता आले नाही. ते काही या नायकाचा उपहास करायला आलेले नव्हते. स्वतःचे पडद्यावरचे आडनाव ज्याने ‘ल्यूक केज’ या चित्रकथेतील नायकावरून घेतले आणि पुढे मुलाचे नाव सुपरमॅनच्या क्रिप्टनवरील जन्मनावावरून ठेवले, त्या माणसाला या विषयाचे प्रेम नव्हते, असे कोण म्हणेल?

तथापि चाहत्यांना केवळ हट्टी म्हणून निकालात काढणेही अन्यायाचे होईल. त्यांच्या भीतीचे एक कारण आहे आणि ते त्यांच्या स्वभावात नसून मालकीच्या व्यवहारात आहे. सीगल आणि शस्टर यांनी १९३८ मध्ये सुपरमॅनचे सर्व हक्क प्रकाशकाला १३० डॉलरला विकले. ती रक्कम दोघांत वाटली गेली. पुढे नायकाने अमाप पैसा मिळवला. त्याला जन्म देणारे मात्र हलाखीत गेले आणि त्यांची नावेही पानांवरून काढून टाकण्यात आली. १९७५ मध्ये, रीव्ह यांच्या चित्रपटाची तयारी चाललेली असताना, सीगल यांनी जाहीर तक्रार केली. लोकमत त्यांच्या बाजूने वळले. तेव्हा कोठे दोघांना वर्षाला प्रत्येकी २०,००० डॉलर देण्याचे आणि त्यांची नावे पुन्हा छापण्याचे कंपनीने मान्य केले.

नायकाचा मालक एकच असला, की त्याचे अधिकृत रूपही एका वेळी बहुधा एकच असते. आपल्याकडे रामकथेला मालक नाही. म्हणून वाल्मीकींनंतर कंबनाला ती तमिळमध्ये आणि एकनाथांना ‘भावार्थरामायणा’त मराठीत आपल्या परीने सांगता आली. एक कथन आवडले नाही, तर श्रोता दुसरे ऐकतो. सुपरमॅनच्या चाहत्याला ही सोय नव्हती. कंपनीने या खेपेला जे ठरवले ते पुढची दहा वर्षे बदलणार नाही, हे तो जाणून होता. म्हणून तो प्रत्येक फेरफारावर अखेरची लढाई असल्यासारखा तुटून पडला. आणि त्याच मालकीमुळे, कंपनीने नको म्हणताच बर्टन यांचा सुपरमॅन कपाटात बंद झाला. दुसऱ्या कोणी तो पुरा करणे कायद्याने शक्य नव्हते. वेशकार, चित्रकार, यंत्रकार यांनी केलेले काम कित्येक वर्षे लोकांच्या नजरेस पडले नाही. २०१५ मध्ये जॉन श्नेप यांनी या न झालेल्या चित्रपटावर माहितीपट काढला, तेव्हा ते उजेडात आले आणि पूर्वी हसलेल्या कित्येकांनी ते कौतुकाने पाहिले.

कंपनीनेही नंतर हे कपाट थोडे उघडले. ‘द फ्लॅश’मध्येच लांब केसांचा निकोलस केज सुपरमॅनच्या वेशात काही क्षण दिसतो आणि तो लढतो कोणाशी, तर एका अवाढव्य कोळ्याशी. आपण प्रत्यक्षात चित्रित केलेले दृश्य निराळे होते, असे केज यांनी नंतर सांगितले. पाव शतक वाट पाहिलेल्या नायकाची अशी संगणकाने बनवलेली झलक दाखवणे मला तरी रुचले नाही. चाहत्यांची थट्टा आठवत होती, बर्टन यांचा प्रश्न मात्र कोणाला आठवला नाही.

अमेरिकेच्या कायद्यानुसार १९३८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या साहित्याचा स्वामित्वहक्क ९५ वर्षे टिकतो. त्या हिशेबाने १ जानेवारी २०३४ रोजी सुपरमॅनची पहिली कथा सर्वांसाठी खुली होईल. नाव आणि चिन्ह यांवरील व्यापारी हक्क तेव्हाही कंपनीकडे राहू शकतील. पण ती कथा कोणालाही नव्याने सांगता येईल आणि कोणाची परवानगी लागणार नाही. मोकळा होणारा तो सुपरमॅन ‘डेली स्टार’मध्ये नोकरी करणारा असेल आणि एका उडीत मैलाचा आठवा हिस्सा ओलांडणारा असेल. उडणाऱ्या सुपरमॅनसाठी आणखी काही वर्षे थांबावे लागेल.